पुढचं बॉनेट

माझ्या पुस्तकांच्या कपाटावर वीतभर लांबीच्या दोन मोटारी उभ्या असतात. परवा सात वर्षांच्या भाच्याने त्या खाली काढायला लावल्या. जॅग्वार ई-टाइपचं बॉनेट उचललं, तर मडगार्डांसकट अर्धी गाडीच वर आली. आत सहा सिलिंडरांचं लांबलचक इंजिन. मग पोर्शे ९११ चं बॉनेट उघडलं. आत नुसता खड्डा.

"मामा, ह्यात इंजिन घालायला विसरले!"

विसरले नाहीत रे, मागे घातलंय. बैल गाडीच्या मागे जुंपावेत तसं.

ई-टाइप इंग्रजांची. १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती आली तेव्हा चक्कर मारायला एवढी झुंबड उडाली, की नॉर्मन ड्यूइस या टेस्ट ड्रायव्हरला इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीहून रातोरात दुसरी गाडी हाकत न्यावी लागली. तिचा आकार माल्कम सेयर यांचा. हा माणूस विमानांच्या कारखान्यातून आलेला, वळणंसुद्धा गणिताने काढणारा. आपल्याला कोणी स्टायलिस्ट म्हटलेलं त्यांना खपत नसे. म्हणजे इतकं देखणं रूप, आणि कर्ता म्हणतो, हा नुसता हिशेब आहे!

ई-टाइपचं दुखणं एकच: ती पहिल्याच दिवशी पुरी झाली होती. पुढे बारशाला येणाऱ्या प्रत्येकीने काजळाचं बोट लावावं, तसं झालं. दिव्यांवरच्या काचा गेल्या, तोंड रुंद झालं, १९७१ मध्ये बारा सिलिंडर आले. १९७४ मध्ये उत्पादन थांबलं, तेव्हा आपण चुकून जास्तच नटलोय हे तिलाही कळलं असावं.

जर्मनांचं उलटं. १९६३ मध्ये फ्रँकफर्टला पोर्शेने ही गाडी ९०१ म्हणून दाखवली. मधे शून्य असलेले आकडे आमचे, असं प्यूजो या फ्रेंच मोटार कंपनीने बजावलं, म्हणून ९११ झाली. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. वळणावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की शेपूट पुढे यायला बघायचं. मग काय करावं? सुरुवातीच्या काही गाड्यांत पुढच्या बंपरमागे चक्क ओतीव लोखंडाची वजनं ठेवली. भाजीवाल्याने तागडीत बटाटा टाकून काटा सारखा करावा, तशी! १९६९ च्या मॉडेलला मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली. इंजिन मात्र हललं नाही. पदरी पडलं ते पवित्र करून घ्यायला त्यांनी पुढची कित्येक वर्षं घालवली, आणि मला भुरळ पडते ती ह्या हट्टाचीच. बघत बसायला मात्र जॅग्वार. शिवाय २००८ पासून ती टाटांची, म्हणून आमचे बाबा तिला 'आपली' म्हणतात.

"तुला कुठली हवी?" मी धीर करून भाच्याला विचारलं.

त्याने पोर्शेच्या पुढच्या खड्ड्यात दोन गोट्या आणि एक खोडरबर ठेवलं, बॉनेट लावलं आणि म्हणाला, "ही. जॅग्वारमध्ये सामान कुठे ठेवायचं?"