स्वित्झर्लंड पुसून टाक

आमच्या शाळेत शिरल्याशिरल्या डाव्या हाताला, हेडसरांच्या खोलीबाहेर एक फळा होता. मधोमध उभी रेघ. एका बाजूला ऑइलपेंटनं कायमचं लिहिलेलं ‘सुविचार’, दुसऱ्या बाजूला ‘दिनविशेष’. सुविचार कुणीही लिहायचं, कारण सुविचार दहा-बाराच होते आणि ते फिरून फिरून यायचे. दिनविशेष मात्र अक्षर बघून द्यायचे. १९८५ साली, मी आठवीत असताना, ते काम माझ्याकडे आलं.

खडू आदल्या रात्री वाटीभर पाण्यात भिजत घालायचा, ही त्या कामातली पहिली विद्या. कोरड्या खडूचं अक्षर पावसाळी हवेत फिकट येतं आणि कुणाची बाही लागली की जातं. ओल्या खडूनं लिहिताना मात्र फळ्यावर जवळजवळ काहीच दिसत नाही. ओळ सरळ गेली की वाकडी, तेही कळत नाही. दहा मिनिटांनी फळा वाळला की अक्षर चुन्यानं काढल्यासारखं उठून येतं. मजकूर समाजशास्त्राच्या सरांच्या जाड वहीतून घ्यायचा. वर्षाच्या प्रत्येक तारखेला एक पान, त्यावर वर्तमानपत्रांची कात्रणं खळीनं चिकटवलेली, आणि उरलेल्या जागेत सरांचं मुंगीएवढं अक्षर.

त्या वहीतलं सगळ्यात मळलेलं पान १ ऑगस्टचं. कारण त्या दिवशी शाळेत वक्तृत्व स्पर्धा असायची.

पटांगणात घोट्याएवढा चिखल असायचा. म्हणून दोन वर्गांमधलं लाकडी पार्टिशन काढून त्याचा हॉल करायचे आणि पाचवी ते दहावी सगळी पोरं त्यात कोंबायची. ओली दप्तरं, डोक्यावरून काढून कोपऱ्यात टाकलेल्या पोत्याच्या खोळी, त्या सगळ्यांचा मिळून एक वास. शिपाईमामा हेडसरांच्या खोलीतली टिळकांची तसबीर काढून आणायचे, जुन्या धोतराच्या फडक्यानं काच पुसायचे आणि कुंपणाच्या जास्वंदी-तगरीचा हार घालायचे. मग पाचवीतला पहिला वक्ता डोळे छताला लावून सुरू करायचा, “अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो, आज मी तुम्हाला जे दोन शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांतचित्तानं ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती.” पुढचं सगळं एका श्वासात. जन्म २३ जुलै १८५६, रत्नागिरी. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ साली ‘केसरी’ आणि ‘मराठा’, १९०८ ते १९१४ मंडालेचा तुरुंगवास. आणि शेंगा.

एका वर्षी मी मोजलं होतं. एकवीस भाषणं झाली, त्यात शेंगा चौदा वेळा आल्या. ‘मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही’ हे वाक्य चौदा गळ्यांतून, चौदा प्रकारच्या आवेशात. उरलेल्या सातांपैकी पाचांनी ‘संत’ शब्द तीन तऱ्हांनी लिहिण्याची गोष्ट सांगितली. मराठीच्या बाईंना ती आवडायची नाही. अनुस्वार चुकला म्हणून अर्धा मार्क कापला की पोरं टिळकांचा दाखला द्यायची.

सहावीतल्या एका पोरानं त्याच्या ताईच्या सल्ल्यानं खरी टरफलं आणली होती. शेंगांचा दिवस तो नव्हे. शेतातला भुईमूग तेव्हा नुकता फुलावर असतो, म्हणजे बियाण्यातल्या उरलेल्या शेंगा फोडून आणल्या असणार. ऐन वाक्याला त्यानं खिशातून मूठभर टरफलं काढली आणि टिळकांच्या तसबिरीपुढं भिरकावली. टाळ्या पडल्या. तो नमस्कार करून निघाला तेव्हा हेडसर म्हणाले, “थांब रे. आता ही टरफलं कोण उचलणार?” पोरगं क्षणभर गोंधळलं आणि छाती काढून म्हणालं, “मी उचलणार नाही!” हेडसरांनी तोंडावर रुमाल धरला. केर शिपाईमामांनीच काढला आणि त्या पोराला उत्तेजनार्थ म्हणून शंभर पानी वही मिळाली.

समाजशास्त्राच्या सरांना मात्र शेंगांपेक्षा घड्याळात रस. ते दर वर्षी निकालाआधी उठून सांगायचे की टिळक गेले ते मुंबईत, सरदारगृहात, १९२० सालच्या १ ऑगस्टला, रात्री बारा वाजून चाळीस मिनिटांनी. वार रविवार. मुंबईत पाऊस कोसळत होता आणि त्या पावसात माणसांचा समुद्र गिरगावच्या समुद्राकडे निघाला. दहन स्मशानात नाही, चौपाटीच्या वाळूवर झालं. अंत्ययात्रेत गांधीजी होते. आणि गांधीजींनी असहकार सुरू करायचा दिवस आधीच ठरवलेला होता, तोही १ ऑगस्ट १९२०. एक पर्व संपलं आणि दुसरं सुरू झालं असं आपण पुस्तकात वाचतो, तिथं तर तारीखसुद्धा बदलावी लागली नाही, असं सर म्हणायचे.

त्या चाळीस मिनिटांचा मी फार विचार करायची. मृत्यू तासभर आधी आला असता तर आमची स्पर्धा ३१ जुलैला भरली असती. ३१ जुलैचं पान आधीच गच्च होतं. १८८० मध्ये प्रेमचंदांचा जन्म, १९४० मध्ये उधमसिंगांना लंडनमध्ये फाशी, आणि १९८० मध्ये मोहम्मद रफी गेले. आमचे पीटीचे सर रफीवेडे. त्या दिवशी ते शिट्टीसुद्धा हळू वाजवायचे. त्यांची तारीख त्यांच्याकडे राहिली हे बरंच झालं.

१ ऑगस्टच्या पानावर टिळकांखाली इतर बरंच काही होतं, आणि मला खरी मजा तिथंच यायची. १७७४, जोसेफ प्रीस्टली यांनी भिंगानं ऊन एकवटून पाऱ्याचं लाल भस्म तापवलं आणि त्यातून निघालेल्या वायूत मेणबत्ती भडकून जळाली, म्हणजे ऑक्सिजन. विज्ञानाच्या बाईंना हा प्रयोग नाही तर निदान भिंगानं कागद जाळून तरी दाखवायचा असे. पण १ ऑगस्टला आमच्याकडे ऊन कुठलं? बाई दर वर्षी पर्समध्ये भिंग घेऊन यायच्या आणि तसंच परत न्यायच्या. १८३४, इंग्रजांच्या साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा लागू. १९१४, जर्मनीनं रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. १९३६, बर्लिन ऑलिम्पिकचं उद्घाटन. यापुढं सरांनी कंसात लिहिलं होतं, ‘हॉकीची फायनल १५ ऑगस्टला, भारत ८ जर्मनी १, कप्तान ध्यानचंद’. आणि शेवटी, १२९१, स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिन. तीन कॅन्टननी, म्हणजे तिथल्या प्रांतांनी, एकमेकांना साथ द्यायचा करार केला, त्याची आठवण. ही ओळ माझी सगळ्यात आवडती, कारण ‘स्वित्झर्लंड’ हा शब्द ओल्या खडूनं नीट काढता येणारी शाळेत मी एकटीच होते.

घरी वडील तलाठी. त्यांच्या लेखी १ ऑगस्ट म्हणजे महसुली वर्षाचा पहिला दिवस. “टिळक थोरच, पण आमचा पाडवा आज,” असं म्हणत ते दप्तर बांधायचे.

त्या पहिल्या वर्षी, म्हणजे १९८५ ला, मी फळा लिहून हात झटकत उभी होते. माझ्या बाकावरची मैत्रीण आली. ती गावकुसाबाहेरच्या मातंग वस्तीतली. वाळेपर्यंत थांबली, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाली, “काय गं, आण्णाभाऊंचं न्हाई लिवलंस?”

मी म्हटलं, कोण अण्णाभाऊ?

आमचं गाव वाळवा तालुक्यातलं. वाटेगावही त्याच तालुक्यातलं, कासेगावजवळचं. एसटीवर त्या गावाची पाटी मी हजारदा वाचलेली. आणि तुकाराम भाऊराव साठे हा माणूस तिथं १ ऑगस्ट १९२० ला जन्मला, म्हणजे मुंबईत पाऊस कोसळत होता त्याच रविवारी, हे मला माहीत नव्हतं. सरांच्या वहीतही नव्हतं. “संध्याकाळी ये आमच्याकडं,” ती म्हणाली.

आई नको म्हणाली नाही. “अंधार पडायच्या आत ये,” एवढंच म्हणाली. तिचं बोलणं अंधाराबद्दल नव्हतं, हे मला पुढं कळलं.

वस्तीतल्या समाजमंदिरापुढं मंडळाच्या पोरांनी उसाच्या पाचटाचा जाळ केला होता. मला वाटलं शेकोटी. पण त्याभोवती माणसं नाही, हलग्या शेकत होत्या. पावसाळी हवेनं कातडं सैल पडतं, हलगी नुसती भद्द वाजते. जाळावर फिरवून फिरवून ती तापवली, बोटानं टिचकी मारून पाहिली, परत धरली, आणि एकदा असा कडक आवाज निघाला की मी दचकून मागं सरले. मैत्रिणीचा आज्जा हसला. तो गिरणीतून निवृत्त होऊन गावी आलेला. अण्णाभाऊ, अमर शेख, गव्हाणकर यांचं लालबावटा कलापथक त्यानं मुंबईत ऐकलं होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत अण्णाभाऊंची छक्कड सुरू झाली की गिरणगावातली माणसं कामावरून थेट तिथं यायची, डबासुद्धा घरी ठेवायची नाहीत, असं तो सांगत होता. लहानपणी वाटेगावाहून बापाबरोबर पायी मुंबई गाठलेला हा माणूस तीसहून जास्त कादंबऱ्या लिहून गेला, रशियाला जाऊन आला, आणि १९६९ साली त्यानं जगाचा निरोप घेतला.

“शाळंत किती गेलं ठावं हाय का?” आज्जानं विचारलं. “दीड दीस.”

मैत्रीण लगेच म्हणाली, “म्हणूनच शाळंच्या फळ्यावर न्हाईत.”

मग कागदाच्या तुकड्यावर गोड बुंदी मिळाली. तिकडं भाषणं नव्हती. होती ती दोन, आणि दोन्हींत शेंगा नव्हत्या.

पुढच्या वर्षी मी नववीत. ३१ जुलैला शाळा सुटल्यावर सरांची वही मागितली आणि धीर करून म्हटलं, “सर, एक ओळ वाढवायची आहे.” सरांनी ऐकून घेतलं. चष्मा काढला, वहीचं ते मळकं पान बराच वेळ बघत बसले. “ही वही मी वर्तमानपत्रांतून भरली,” ते म्हणाले. एवढंच. मग पेन काढून टिळकांच्या ओळीखाली, समासात, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं.

अडचण फळ्याची होती. दिनविशेषाची बाजू जेमतेम दीड हात रुंद. १ ऑगस्टला तिथं आधीच सहा ओळी दाटीवाटीनं बसायच्या, सातवी कुठं घालणार? अक्षर बारीक केलं तर मागून दिसत नाही. सकाळी मी डस्टर घेऊन उभी. ऑक्सिजन काढावा तर विज्ञानाच्या बाई, ऑलिम्पिक काढावं तर पीटीचे सर. समाजशास्त्राचे सर जिन्यावरून येत होते. माझा चेहरा बघून लांबूनच म्हणाले, “स्वित्झर्लंड पुसून टाक.”

मला खरंच वाईट वाटलं. एवढा सुंदर काढला होता. पण पुसला. त्या जागी ओल्या खडूनं लिहिलं, ‘१९२०, लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांचा जन्म, वाटेगाव, ता. वाळवा’. लिहिताना नेहमीसारखं काहीच दिसत नव्हतं. मैत्रीण शेजारी उभी राहून वाळायची वाट बघत होती. मध्येच फुंकर मारत होती, जणू त्यानं काही लवकर होणार होतं.

स्पर्धेतल्या भाषणांत त्या वर्षी तरी काही फरक पडला नाही. शेंगा अकरा. तसबीरही एकच. दुसरी तसबीर टेबलावर यायला मध्ये काही वर्षं गेली, तोवर आम्ही शाळा सोडली होती. ती कुणी आणली, हेडसरांना कुणी सांगितलं, यावर आमच्या बॅचच्या ग्रुपवर अजून वाद होतात. मी त्यात पडत नाही.

२००२ साली टपाल खात्यानं अण्णाभाऊंचं चार रुपयांचं तिकीट काढलं, तेही १ ऑगस्टलाच. मैत्रीण तेव्हा पुण्यात नर्स होती. तिनं मला पाकीट पाठवलं, आत कोरा कागद, बाहेर ते तिकीट. २०२० ला दोन्ही शताब्द्या एकाच दिवशी आल्या, टिळकांच्या मृत्यूची आणि अण्णाभाऊंच्या जन्माची. त्याच दिवशी बकरी ईदही होती. आणि कोरोनामुळे शाळा बंद. मुलांनी घरून मोबाईलवर भाषणं पाठवली. शिक्षक झालेल्या आमच्या एका वर्गमित्रानं त्यातली काही ग्रुपवर टाकली. एका व्हिडिओत पाचवीतली मुलगी, मागं पत्र्यावर पाऊस वाजतोय, ती दोघांवर मिळून एकच भाषण म्हणतेय. सुरुवात शेंगांनी, मग थेट वाटेगाव ते मुंबई पायी प्रवास. मध्ये सांधा काहीच नाही. मला फार आवडलं.

त्या दिवशी मैत्रिणीचा फोन आला. कोविड वॉर्डातली ड्यूटी करून आली होती, आवाज बसलेला. मला वाटलं शताब्दीबद्दल काही बोलेल. तिनं विचारलं, “काय गं, स्वित्झर्लंडला शुभेच्छा दिल्यास का?”

आता दर १ ऑगस्टला मी तिला सकाळी सातच्या आत तो एक शब्द लिहून पाठवते. मोबाईलवर तो काढायला काहीच कौशल्य लागत नाही, पहिली दोन अक्षरं टाकली की फोनच पुरा करून देतो. तिचं उत्तर येतं, “पुसला.”