सेकंदाला ४८ फ्रेम

आज कोथरूडला मित्राच्या एडिटिंग रूममध्ये पर्वतीच्या पायऱ्यांवरचा एकच पॅन (कॅमेरा आडवा फिरवत घेतलेला शॉट) दोनदा पाहिला. नेहमीच्या सिनेमासारख्या २४ फ्रेमला, म्हणजे सेकंदाला २४ चित्रं, पायऱ्यांच्या कडा थरथरत होत्या. ४८ ला उतरणाऱ्या आजींच्या नऊवारीचा काठसुद्धा स्वच्छ! २०१२ साली दिग्दर्शक पीटर जॅक्सनने ‘द हॉबिट’ ४८ फ्रेमला दाखवला तेव्हा अनेकांना तो टीव्हीसारखा वाटला होता. मला ती तक्रार पटत नाही. २४ हा आकडा १९२० च्या दशकाच्या शेवटी, बोलपट आले तेव्हा, आवाज नीट यावा आणि फिल्मही फार लागू नये म्हणून रूढ झाला. डोळ्यांची मर्यादा ती नव्हेच. हां, मेकअप आणि सेटचं खोटेपण ४८ ला लगेच उघडं पडतं, तिथे खरी मेहनत आहे. पुढचा लघुपट मी ४८ लाच शूट करणार. पुण्यात तो तसाच दाखवता येईल असा प्रोजेक्टर कुणाला माहीत असेल तर कळवा.