दोष बर्फाचा नव्हता

माझं आख्खं नोकरीचं आयुष्य बर्फातच गेलं. मुंबईत ससून डॉकला मासळीसाठी लाद्या पाडणाऱ्या कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळण्यापासून सुरुवात झाली. पुढे अमेरिकेत आलो आणि २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकला सॉल्ट लेक सिटीच्या आइस सेंटरमध्ये बर्फ राखणाऱ्या टीममध्ये लागलो. एरवी ते युटा जॅझचं बास्केटबॉल स्टेडियम. ऑलिंपिकपुरती तिथे फिगर स्केटिंग आणि शॉर्ट ट्रॅक (म्हणजे छोट्या गोल मार्गावरच्या स्केटिंगच्या शर्यती), दोघांची सोय एकाच बर्फावर केलेली.

आमची खरी डोकेदुखी हीच. फिगर स्केटिंगला बर्फ जरा मऊ लागतो, उणे तीन-चारच्या आसपास, म्हणजे उडी मारताना पात्याचं टोक नीट रुततं. शॉर्ट ट्रॅकसाठी तोच आणखी दोन-तीन अंशांनी उतरवून कडक करायचा, नाहीतर वळणावर पाती तो उकरून काढतात. त्यात हजारो माणसं आत येऊन बसली की हॉल तापायला लागतो. त्यामुळे प्रेक्षक यायच्या आधीच बर्फ गार ठेवणारा प्लांट जोरात चालवून ठेवायचा.

१६ फेब्रुवारीची संध्याकाळ. महिलांच्या ५०० मीटरमध्ये यांग यांगने चीनला हिवाळी ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. पण खरं सांगायचं तर लोक आले होते अपोलो ओहनोला बघायला. सिएटलचा एकोणीस वर्षांचा पोरगा, हनुवटीवर दाढीची छोटीशी बट. जपानहून आलेल्या, केस कापण्याचा व्यवसाय करणाऱ्या वडिलांनी त्याला एकट्याने वाढवलं. १९९८ च्या निवड चाचणीत हा शेवटचा आला, तेव्हा त्यांनी त्याला समुद्रकाठच्या एका झोपडीवजा घरात एकटं सोडलं आणि पुढे काय करायचं ते ठरव म्हणून सांगितलं. बाप असावा तर असा, असं मला तेव्हाही वाटलं. माझ्या बायकोचं मत वेगळं आहे.

१००० मीटर म्हणजे १११.१२ मीटरच्या नऊ फेऱ्या. बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र आत येतं त्या फाटकापाशी आम्ही उभे होतो, तिथून शेवटचं वळण तिरकं दिसायचं. दोन शर्यतींच्या मधे वळणावर बादलीने पाणी ओतून खाचा बुजवतात. ते पाणी धरलंय की नाही, यावरच आमचं लक्ष.

नवव्या फेरीत ओहनो पुढे होता. शेवटच्या वळणावर चीनचा ली जियाजुन बाहेरून घुसायला गेला, धक्का लागून आडवा झाला. कोरियाचा आन ह्युन-सू आतून आला आणि पडला, त्याच्यासोबत ओहनो आणि कॅनडाचा तुरकोत दोघेही गेले. सगळे घसरत गाद्यांवर आपटले. बराच मागून ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी एकटाच उभ्याने आला आणि जिंकला. दक्षिण गोलार्धाचं हिवाळी ऑलिंपिकमधलं ते पहिलं सुवर्ण. त्याला नशीबवान म्हणून लोक हसतात, मला ते पटत नाही. पुढचे एकमेकांवर आदळतील या हिशोबाने मागे राहायचं त्याने आधीच ठरवलं होतं. शिवाय १९९४ मध्ये मांडीवर पातं लागून त्याला १११ टाके पडले होते, २००० मध्ये मान मोडली होती. एवढं सोसून जो अजून बर्फावर उभा आहे, त्याला फुकटचं मिळालं असं कसं म्हणायचं?

ओहनोची मांडी कापली होती, नंतर सहा टाके पडले. तरी तो तसाच धडपडत उठला आणि रेषेवर पाय झोकून दिला. रौप्य! तिकडे हॉल डोक्यावर घेतलेला आणि इकडे आमच्या प्रमुखाचा पहिला प्रश्न: वळणावरचा बर्फ सुटला का? तापमानाची नोंद पाहिली, बरोबर होती. खाच फुटलेली नव्हती. पडले ते एकमेकांमुळे. माझा जीव भांड्यात पडला. जल्लोषाकडे लक्ष गेलं ते त्यानंतरच. दुसऱ्या दिवशी फिगर स्केटिंगमधला आइस डान्स, म्हणजे रात्रीतून तोच बर्फ परत मऊ करायचा होता.

चार दिवसांनी १५०० मीटरला किम डाँग-सुंग पहिला आला, पण ओहनोची वाट अडवली म्हणून बाद झाला आणि सुवर्ण ओहनोला मिळालं. कोरियात भडका उडाला. इतका, की जूनमध्ये फुटबॉल वर्ल्ड कपला अमेरिकेवर गोल मारल्यावर त्यांच्या खेळाडूने मैदानात स्केटिंगची नक्कल केली. निर्णय मला आजही थोडा कडकच वाटतो.

पुढे २००६ ला तुरिनमध्ये ओहनोला ५०० मीटरचं सुवर्ण. सगळी मिळून ऑलिंपिकची आठ पदकं: दोन सुवर्ण, दोन रौप्य, चार कांस्य. दुसरं रौप्य २०१० ला व्हँकुव्हरमध्ये. तेव्हा मी घरी टीव्हीपुढे होतो. १५०० मीटरचं शेवटचं वळण, पुढे तीन कोरियन, त्यातले दोघे एकमेकांवर आदळून पडले आणि मागचा ओहनो दुसरा आला. या वेळी पडझडीचा फायदा त्याच्या वाट्याला. बायको म्हणाली, "बघ, झाली परतफेड!" मी रिप्लेमध्ये बर्फ बघत होतो. चांगला धरला होता.