प्लेटलेट्स द्यायला गेलो आणि हात हलवत परत आलो

मागच्या पावसाळ्यात मित्राचा फोन आला, बाबांची केमो चालूय, प्लेटलेट्स ९ हजारावर आल्यात, तू बी पॉझिटिव्ह ना? नॉर्मल माणसाच्या दीड लाखाच्या वर असतात एवढं माहीत होतं, बाकी शून्य. रक्त आठ-दहा वेळा दिलंय, वाटलं तसंच असणार, दहा मिनिटं पडायचं, चहा-बिस्कीट आणि घरी.

ब्लड बँकेत फॉर्म भरताना तिथल्या मॅडमनी विचारलं, दोन-तीन दिवसांत कुठली गोळी? म्हटलं काल डोकं दुखत होतं, डिस्प्रिन घेतली. झालं, त्यांनी पेनच खाली ठेवलं. "त्यात ॲस्पिरिन असतं. प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून जखमेला बूच लावतात, ते चिकटणंच बिघडतं. तीन दिवसांनी या." एका गोळीने? तर हो, आणि बिघडलेली प्लेटलेट मरेपर्यंत तशीच राहते म्हणे, तिचं आयुष्यच आठ-दहा दिवसांचं. मित्राला कुठल्या तोंडाने सांगू असं झालं. त्या दिवशी त्याचा मेव्हणा धावून आला.

पण केमोने बोन मॅरोच, म्हणजे हाडांच्या आतला रक्तपेशी बनवणारा मगजच, थंडावलेला, नवीन पेशी तयारच होत नाहीत, त्यामुळे चौथ्या दिवशी काकांना परत लागल्याच. या वेळी आधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी केली, हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर पाहिजे आणि प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर, दोन्हीत पास.

मशीनमध्ये रक्त गरगर फिरवतात. लाल पेशी जड म्हणून एकीकडे, प्लाझ्मा, म्हणजे रक्तातलं पिवळट पाणी, हलका म्हणून दुसरीकडे, आणि मधे पातळ पांढरट थर, दुधावर साय धरते तसा, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स त्यातच. मशीन त्यातल्या प्लेटलेट्स थोड्या प्लाझ्मासकट उचलतं आणि उरलेलं रक्त त्याच सुईतून तुम्हाला परत. परत येताना हात आतून गार पडतो, विचित्रच वाटतं. अर्ध्या तासाने ओठांना मुंग्या यायला लागल्या, मी घाबरून हाक मारली तर टेक्निशियन दादा आरामात कॅल्शियमची गोळी घेऊन आले. रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात, ते रक्तातलं कॅल्शियम धरून बसतं, म्हणून मुंग्या. आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं!

सव्वा तासाने पिशवी दाखवली. लाल नाहीच, पिवळट, वितळलेल्या तुपासारखी. दादांनी ती ट्यूबलाइटसमोर धरून हळूच हलवली तर आत धुरासारख्या चमकत्या रेघा फिरताना दिसल्या, अशा फिरल्या की प्लेटलेट्स चांगल्या आहेत समजायचं. मग ती पिशवी सतत हलणाऱ्या ट्रेवर ठेवली, पाळण्यातल्या बाळासारखी. लाल पेशी फ्रिजमध्ये ४२ दिवसांपर्यंत राहतात, प्लाझ्मा गोठवला तर वर्षभर, पण प्लेटलेट्सना फ्रिज चालत नाही, २०-२४ डिग्रीला हलवत ठेवायच्या आणि तरी ५ दिवसच. म्हणून तर ऐनवेळी फोनाफोनी.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला, काकांचा काउंट ३८ हजार, हिरड्यांतलं रक्त थांबलं. लाल पेशी जवळपास सगळ्या परत मिळतात म्हणून हे ४८ तासांनी पुन्हा देता येतं, नेहमीच्या रक्तदानासारखं तीन महिने थांबायला नको. मित्राच्या लिस्टमध्ये माझं नाव आता सगळ्यात वर आहे, पुढे कंसात "डिस्प्रिन विचारणे".