ठिबक

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तासगावकडचा एक द्राक्षबागायतदार पोरगा सांगलीत माझ्या केबिनमध्ये आला. त्याच्या आबांच्या मेंदूत उजवीकडं गाठ होती. एमआरआय बघून ग्लायोब्लास्टोमाच वाटत होता, मेंदूचा झपाट्यानं वाढणारा कॅन्सर. पोरानं मोबाईल पुढं केला. "डॉक्टर, हे आबांना बसवता येईल का?"

ग्लायडेल. सुमारे १४ मिलिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर जाडीची पांढरट चकती, प्रत्येकीत ७.७ मिलिग्रॅम कार्मुस्टिन हे कॅन्सरवरचं औषध. गाठ काढून झालेल्या पोकळीत भिंतीला लागून अशा जास्तीत जास्त ८ ठेवायच्या. पॉलिमर हळूहळू विरतो, औषध तिथंच झिरपतं. शिरेतून दिलेली बरीचशी औषधं मेंदूत पोचतच नाहीत, आणि ही गाठ उलटते ती बहुतेकदा जुन्या जागेपासून दोन सेंटिमीटरच्या आतच. मी सांगत होतो तोवर तो म्हणाला, "म्हणजे पाट सोडायचा नाही, मुळाशी ठिबक."

इतकं नेमकं मला आजवर कुणाला समजावता आलं नव्हतं. त्यामुळंच पुढचं बोलणं अवघड झालं. आमच्याकडं त्या चकत्या नव्हत्या, मागवायला वेळही नव्हता. शिवाय अमेरिकेत १९९६ पासून मान्यता असलेल्या या देखण्या कल्पनेचा हिशोब तोकडाच आहे: २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चकत्यांच्या गटाचं मध्यक आयुष्य १३.९ महिने, औषधाविना चकत्या ठेवलेल्यांचं ११.६.

"सव्वादोन महिने," तो म्हणाला. "छाटणीपासून मण्यात पाणी उतरेपर्यंत." जरा थांबून, "लई झाले की वो."

यावर मला काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाठ बऱ्यापैकी निघाली. राखाडी, मऊ, सक्शनमध्ये सहज येणारी. तळाशी अचानक नितळ पाणी आलं, व्हेंट्रिकल म्हणजे मेंदूतली पाण्याची पोकळी उघडली होती. मोठ्या भोकातून चकती आत सरकली तर पाण्याची वाट अडते. खरं सांगतो, मला हायसं वाटलं: चला, आता पोराला सांगता येईल, चकत्या असून चालल्याच नसत्या. पण भोक जेमतेम चार मिलिमीटरचं. १४ ची चकती त्यातून कशी जाणार? वर सर्जिसेल, रक्त थांबवणारी विरघळती जाळी, ठेवलं आणि टाके घ्यायला लागलो.

बाहेर आल्यावर त्यानं चकत्यांचं विचारलं नाही. रिपोर्ट आल्यावर रेडिएशन, सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या, एवढंच मी बोललो.

तिसऱ्या दिवशी राउंडला आबा उशीला टेकून बसले होते. डोक्याला पट्टी, डोळा सुजलेला. मला नमस्कार करून त्यांनी पोराकडं मान वळवली.

"छाटणी कधी धरलीस रं?"

त्यानं तारीख सांगितली. मी चार्ट वाचत राहिलो.