रेसिपी, रिसीट आणि आमचे इंग्रजीचे सर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला. गॅदरिंग, सहल, क्रीडा महोत्सव यावर बाकीचे लिहितीलच, मी इंग्रजीच्या सरांच्या एका तासाबद्दल लिहितो, कारण माझं मेडिकलचं दुकान आहे आणि तो तास मला अजून रोज उपयोगी पडतो.

नववीला धड्यात रेसिपी शब्द आला होता. शेवटी ई आहे मग रेसाइप का नाही म्हणायचं, असं मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं आणि सरांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. म्हणाले, हा शब्द मूळचा लॅटिन आणि तिथे तो नाम नाहीच, आज्ञार्थी क्रियापद आहे, अर्थ "घे". युरोपातले डॉक्टर पूर्वी औषधाची चिठ्ठी लॅटिनमध्ये लिहायचे, सुरुवातच "रेसिपे" अशी, म्हणजे घे, आणि पुढे अमुक मुळी इतकी, तमुक चूर्ण इतकं. हा हुकूम पेशंटला नसायचा बरं का, औषध तयार करून देणाऱ्याला असायचा. मग सरांनी फळ्यावर मोठा आर काढला आणि त्याच्या पायावर तिरकी रेघ मारली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असतं आणि आपण आरएक्स म्हणतो ते हेच, त्यात एक्स वगैरे काही नाही, रेसिपेचा शॉर्टफॉर्म केलाय हे दाखवणारी ती रेघ.

मग तेव्हा इंग्रज लोक स्वयंपाकघरातल्या रेसिपीला काय म्हणायचे? तर रिसीट! फी भरल्यावर ऑफिसातून मिळते तीच. दोन्ही शब्द एकाच लॅटिन धातूचे, घेणे किंवा मिळणे या अर्थाचे. रिसीटच्या स्पेलिंगमधला न बोलला जाणारा पी पण लॅटिनच्या प्रेमापोटी मागाहून घातलेला, त्याच्यासारखेच डिसीट (फसवणूक) आणि कन्सीट (गर्व) मात्र त्यातून सुटले, त्यांत पी नाही. रेसिपी पदार्थांसाठी वापरायला लागले ते साधारण अठराव्या शतकात, तोपर्यंत तो औषधवाल्यांचाच शब्द होता. सरांनी कुणाच्या तरी दप्तरातली फीची पावती मागून घेतली आणि त्यावरचं "रुपये पावले" वाचून दाखवलं, बघा म्हणाले, आपण पण पावण्यावरूनच पावती केली. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपली मराठी पण अशी उघडून बघता येते.

पुढे डी. फार्मला गेलो तर प्रिस्क्रिप्शनचे भाग शिकवताना पहिलाच भाग सुपरस्क्रिप्शन, म्हणजे हे चिन्ह. मला ते पाठ करावंच लागलं नाही. आज गोळ्यांच्या स्ट्रिपवर डाव्या कोपऱ्यात आरएक्स दिसतं, चिठ्ठीशिवाय द्यायची नाही अशी ती औषधं, तेव्हा काउंटरवरच्या नव्या पोरांना मी हे सगळं सांगतो, आणि ती मन लावून ऐकतात.

नंतर मी स्वतः पण वाचत गेलो. 1390च्या सुमाराला इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या आचाऱ्यांनी पाककृतींचा एक संग्रह केला, द फॉर्म ऑफ क्युरी. यातलं क्युरी म्हणजे नुसता स्वयंपाक, आपल्या करीशी त्याचा संबंध नाही. त्यातल्या कितीतरी कृती इंग्रजी "टेक" ने सुरू होतात, म्हणजे परत घे! आपल्या बायका पण रेसिपी सांगताना एक वाटी रवा घ्या, दोन चमचे तूप घ्या अशीच सुरुवात करतात. कुणी कुणाचं बघून केलेलं नाही हे, पण मला फार आवडतं.

आणि एक, हे सरांनी त्या तासाला सांगितलं नव्हतं, बहुतेक बेल झाली म्हणून राहिलं असेल. चिठ्ठीवर बीडी लिहितात, म्हणजे दिवसातून दोनदा, त्यातला बी म्हणजे लॅटिन "बिस", दोनदा. बिस्किटातला बिस पण तोच, बिस्किट म्हणजे दोनदा भाजलेलं. सर आता रिटायर झालेत, कार्यक्रमाला आले की हे त्यांना विचारणार आहे मी.