ती उडी कोणाची होती?

रात्री दीड वाजता ती उडी पहिल्यांदा स्क्रीनवर दिसली. कार्बन नॅनोट्यूबचं, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळीचं, डिव्हाइस 4.2 केल्विनला, द्रव हेलियममध्ये. चुंबकीय क्षेत्र उणेकडून अधिककडे नेताना शून्य ओलांडलं आणि रोध एकदम 6 टक्क्यांनी चढला, थोडा वेळ तिथेच राहिला, मग उतरला. क्षेत्र उलटं नेलं, तर तीच उडी शून्य ओलांडल्यावर, उणे बाजूला.

नळीच्या दोन टोकांना कोबाल्टच्या दोन पट्ट्या, एक रुंद, एक अरुंद. अरुंद पट्टीचं चुंबकन, म्हणजे तिची चुंबकीय दिशा, उशिरा उलटते. मधल्या टप्प्यात दोघींची चुंबकनं परस्परविरुद्ध असतात आणि स्पिन (इलेक्ट्रॉनचा अंगभूत चुंबकीय गुण) टिकवून आलेल्या इलेक्ट्रॉनला पलीकडे जागा कमी मिळते; यालाच स्पिन-व्हॉल्व्ह म्हणतात. 1999 मध्ये त्सुकागोशी, आल्फेनार आणि आगो यांनी बहुभिंती (एकात एक बसलेल्या) नळीत असाच 9 टक्क्यांपर्यंतचा फरक दाखवला होता. आमचा सगळा जीव मात्र कॉन्टॅक्टमध्ये अडकलेला असतो. कोबाल्ट गंजतो, नळीला नीट चिकटत नाही. त्या चिपवर पंधरांपैकी तीनच डिव्हाइस चालली.

सकाळी गटात आनंद झाला. सरांनी आकृत्या करायला सांगितलं. मी आधी दुसरी चिप मोजायचा हट्ट धरला: एक टोक कोबाल्टचं, दुसरं पॅलेडियमचं, जे चुंबक नाही. एकच चुंबक असेल, तर स्पिन-व्हॉल्व्ह होणारच नाही.

उडी तिथेही आली.

कारण माहीत असलेलं आहे, मॅग्नेटो-कूलंब परिणाम. क्षेत्र बदललं की कोबाल्टमधली ऊर्जापातळी किंचित सरकते आणि चुंबकन उलटताना झटक्यात उडी घेते. कूलंब ब्लॉकेडमधल्या, म्हणजे इलेक्ट्रॉन एकेक करूनच आत घेणाऱ्या, नळीला तो गेटचा (नळीतला प्रवाह बाहेरून बदलणाऱ्या इलेक्ट्रोडचा) धक्काच वाटतो. स्पिन नळीतून पलीकडे पोचला नाही, तरी आलेख तसाच दिसतो. या क्षेत्रात टक्केवारी सगळे विचारतात, एका चुंबकाचं डिव्हाइस मोजलं का, हे फार थोडे. मला याचा मनापासून राग येतो.

मग पहिल्या डिव्हाइसचं काय? मॅग्नेटो-कूलंब असेल, तर उडीची दिशा गेट-आलेखाच्या (गेट-व्होल्टेजनुसार प्रवाह कसा बदलतो, त्याच्या) उतारानुसार बदलायला हवी. पाच-सहा गेट-व्होल्टेजना मोजलं असतं तर कळलं असतं. मी एकाच ठिकाणी मोजलं. तिसऱ्या दिवशी गेटची केबल बदलताना स्थिर विजेने नळी जळाली.

त्या रात्रीचा एक गेट-स्वीप, म्हणजे गेट-व्होल्टेज फिरवून घेतलेला आलेख, फाइलमध्ये आहे. आमचा बिंदू त्यात शिखराच्या अगदी माथ्यावर पडतो. तिथे उतार जवळजवळ शून्य, म्हणजे ती उडी स्पिनची असू शकते. पण स्वीप साडेनऊचा, उडी दीडची. नळीखालच्या ऑक्साइडच्या थरात अडकलेला एखादा भार हलला की शिखरं सरकतात, आणि चार तासांत ती किती सरकली असतील, हे त्या फाइलमध्ये नाही.

नव्या चिपवर प्रत्येक नळीला चार कॉन्टॅक्ट दिलेत: प्रवाह एका बाजूला, व्होल्टेज दुसऱ्या बाजूला, म्हणजे प्रवाहाविना स्पिन पलीकडे पोचतो का, ते दिसेल. आजही मोजायला बसण्याआधी मी ती जुनी फाइल उघडली होती.